मिठात सुकवलेला कोळी

खोकल्यापायी बाबांची गिरणी सुटली. मग गिरणीतल्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली पाळी संपवून आई आमच्या लालबागच्या चाळीच्या तोंडाशी सुकट-बोंबील विकायला बसू लागली. घरात रात्री पेज, कधी तीही पातळ. आणि त्या घरातली मी, बी.एस्सी. होऊनही कॉलेजात कोळी बघत बसते, याचं चाळीला हसू यायचं. शेजारची मावशी विचारायची, "काय गो, कोळ्यांका बघून पगार गावतलो?"

तिला आमचे सर दाखवायला हवे होते. मुंग्या खाणारा तो बारीक तपकिरी कोळी त्यांनीच मला शिवडीच्या गोदामांमागे दाखवला. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. मुंगीला चावून मागे सरतो, ती लुळी पडेपर्यंत थांबतो, मग तिला तोंडापुढे धरून निघतो. दुसरी मुंगी आडवी आली की मेलेली पुढे करतो. ती हुंगते आणि आपल्यातलंच कुणी समजून बाजूला होते. सर उकिडवे बसून हे तासन्‌तास बघत. पण प्रजाती ठरवताना त्यांचा एकच हट्ट. "रंगावर जाऊ नकोस. नर आण. त्याच्या तोंडाजवळच्या आखूड अवयवांची टोकं बघितल्याशिवाय मी नाव देणार नाही."

माद्या खूप मिळाल्या. नर पावसाळाभर हिंडून एकच मिळाला. त्याच्यावर माझी एम.एस्सी. अडली होती. रविवार होता, म्हणून स्पिरिटच्या बाटलीत घालून तो घरी आणला. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. आई घरीच होती, मी मोर्च्याला गेले. परतले तर बाटली रिकामी.

"पोलीस चाळीत शिरले," आई म्हणाली. "दारूचो वास इलो असतो तर बापाशीक उचलून नेल्यानी असते. मोरीत ओतलंय."

दारूबंदीचे दिवस. तिचं चूक म्हणता येईना. "आणि कोळी?"

"तो कित्याक टाकतलंय? मीठ लावून सुकत घातलंय. बोंबील टिकता, मगे ह्यो टिकाचो नाय?"

खिडकीत ताटलीवर तो मिठात आखडून पडला होता. काडेपेटीत घालून मी सरांपुढे ठेवला. त्यांनी वास घेतला.

"हे कुणी केलं?"

"आईने."

त्यांनी त्याच्यावर कोमट पाण्याचे थेंब सोडले. तो मऊ व्हायला दुपार गेली. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने वळवत, जुन्या ग्रंथांतली चित्रं पुन्हा पुन्हा ताडून बघत ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मी उभीच.

"पोट गेलं," शेवटी ते म्हणाले. "टोकं शाबूत आहेत. आणि अशी टोकं यातल्या एकाही चित्रात नाहीत. बस आता, काढ यांचं चित्र." थोड्या वेळाने म्हणाले, "आईला सांग, मलाही थोडे बोंबील हवेत. खायला."

त्या नव्या कोळ्याचं वर्णन सरांच्या आणि माझ्या नावाने छापून आलं. मी एम.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं.