शेगडीमागची भिंत

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, रंगारी. जन्म गेला लोकांची घरं रंगवण्यात, आणि स्वतः राहिले पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या एका खोलीत. माणूस इतका नाकासमोर चालणारा की कधी कधी मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पहिला हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा मारणार नाहीत, मग कुणी कितीही डोक्यावर येऊन बसो. माझं स्वयंपाकघर रंगवलं तेव्हा आठवडाभर आम्ही बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून जेवलो. मी रोज बोटं मोडायची, आणि ते शांतपणे भिंत घासायचे.

त्यांच्या मालकाला खोली परत हवी होती, म्हणून त्याने दावा लावला. वकील म्हणाला, दावा लंगडा आहे, लढलात तर कुणी तुम्हाला हलवत नाही. पण कोर्टाचं नाव काढलं की भावजी विषयच बदलायचे. त्यात ताईचं मांडीचं हाड मोडलेलं. जिना उतरायचा तर भावजींच्या खांद्यावर सगळा भार टाकून. जवळच एका विधवा बाईंची तळमजल्यावरची खोली रिकामी होती, दारापुढे छोटंसं अंगण. ताई ती बघून आली आणि दिवसभर बोलतच सुटली, खुर्ची कुठे टाकायची, कपडे कुठे वाळत घालायचे. बाईंची अट एकच. ज्याच्यावर खोली सोडायचा हुकूम निघालाय, असा भाडेकरू नको.

आणि हे सगळं आमच्या भावजींनी मालकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. काय म्हणावं या माणसाला!

मालक लगेच गोड झाला. म्हणाला, भांडायचं कशाला, समजुतीने मिटवू. कोर्टापुढे कागद झाला. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत खोली पूर्ण रिकामी करून चावी द्यायची. दिली तर दावा मागे आणि अनामत परत. चुकलं तर अनामत गेली, आणि त्याच कागदावरून हुकूम. भावजींनी सही केली आणि वर त्याचे आभार मानले.

आदल्या दिवशी सामान माझ्याकडे आणलं, तिसऱ्या मजल्यावर. दावा मागे घेतल्याचा कागद बघूनच बाई नव्या खोलीची चावी देणार होत्या. ताईला खुर्चीत बसवून चौघांनी वर उचलून आणलं. एका रात्रीचा तर प्रश्न होता.

खोली रिकामी झाली तेव्हा मालक डोकावला. शेगडीमागच्या काळ्या भिंतीवरून त्याने बोट फिरवलं, ते बघितलं आणि हसत म्हणाला, "मिस्त्री, रंगाऱ्याची खोली म्हणून ही कुणाला दाखवू मी?"

बस्स. मी परोपरीने सांगितलं, चावी आत्ता त्याच्या हातावर ठेवा आणि मोकळे व्हा. भावजींनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शिडी आणि डबे घेऊन तिथे हजर.

भिंत साधी नव्हती. वर्षानुवर्षांचा धूर. पहिला हात सुकला तसे डाग वर आले, दुसरा सुकला तरी पिवळी झाक दिसतच होती. दुपारी मी चहा घेऊन गेले, रडकुंडीला आले, शिडी तरी बाहेर काढा म्हटलं. एवढा कोपरा होऊ दे, म्हणाले. ताई घरी एकटी होती, मी परतले.

पुढचं भावजींनीच सांगितलं. पाच वाजायच्या बरंच आधी मालक दोन माणसं घेऊन आला. भावजी शिडीवरून उतरायला लागले, तर त्यानेच हाताने थांबवलं.

"सावकाश होऊ द्या, मिस्त्री. घाई कसली?"

आणि तो दारात उभा राहिला. रंगाचं कौतुक केलं. ताईची चौकशीसुद्धा केली, मेल्याने. पाच वाजून गेल्यावर त्याने फोन काढला आणि फोटो घेतले, शिडीचे, डब्यांचे, शिडीवरच्या भावजींचे. भावजींनी खाली येऊन चावी पुढे केली. त्याने हात खिशात घातले.

"खोली रिकामी नाहीये."

भावजींना थट्टा वाटली. ते हसले. "अहो, तुमचीच भिंत रंगवतोय."

"कागदावर भिंतीचं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

हुकूम निघाला. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी खोली दुसऱ्याला दिली. पुढे मालकाचा निरोप आला, एक कोपरा राहिलाय, तेवढा पुरा करा, मग वकिलाशी बोलून बघतो. जाऊ नका म्हणून मी आकाशपाताळ एक केलं. भावजी गेले. कोपरा असा केला की जोड दिसू नये. मालकाने भिंत बघितली, झकास म्हणाला, आणि हात वर केले. हुकूम कोर्टाचा, माझ्या हातात काय आहे?

खोली लगेच भाड्याने गेली. भिंत बघूनच घेतली म्हणे.

ताई अजून माझ्याकडे वरच आहे. तिला खाली न्यायची गोष्ट कुणी काढत नाही. भावजी कामावरून येतात आणि मोरीत बसून बराच वेळ ब्रश धुतात. परवा ताईने मला विचारलं, त्या अंगणात आता कोण बसतं गं?

कुणी नाही बसत, म्हटलं. खरं तर जाता-येता मी बघते, तिथे एक म्हातारी रोज खुर्ची टाकून बसते.