पाचवं रीळ

"कान धर," शेठ म्हणाले. "लोकांसमोर धर."

मी धरले. पडद्यापुढच्या लाकडी स्टेजवर, सगळे दिवे लावलेल्या थिएटरात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. समोर तीस-पस्तीस माणसं. काही हसली, काहींनी मान वळवली.

शहरात गुलमंडीजवळच्या शेठच्या टॉकीजमध्ये मी पिक्चर दाखवायचं मशीन चालवायचो. ऑपरेटर. पिक्चर समुद्रावरचा होता, परदेशी, हिंदीत डब केलेला. फळीवर उभं राहून डोंगराएवढ्या लाटांवरून घसरणारे दोन भाऊ. लोकांना काही पटला नाही. पहिल्याच दिवशी मध्यंतरात निम्मी माणसं घरी गेली. दुसऱ्या दिवशी शेठ वर कॅबिनमध्ये आले.

"पाचवं रीळ गाळ. नुसतं पाणीच पाणी हाय त्यात. शो लवकर सुटू दे."

पडेल पिक्चरचं रीळ गाळतात, त्यात नवं काही नाही. पण पाचव्यात धाकटा भाऊ बुडतो. मी तसं सांगितलं. "तुला कोणी विचारलं?" म्हणाले. मी गाळलं. ती चूक माझी, कबूल.

चौथं संपलं, सहावं लागलं. पडद्यावर थोरला भाऊ ढसाढसा रडायला लागला. खालून पाचोडचा एक म्हातारा ओरडला, "आरं, ह्यो रडतोय कशापायी? धाकला कुठं गेला?" मग शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. शेठनी शो थांबवला, मला खाली बोलावलं आणि लोकांना सांगितलं, "हा रीळ लावायला विसरला. या लोकांच्या हाती मशीन द्यायलाच नको होतं."

या लोकांच्या.

मग कान धर म्हणाले, आणि हात आपोआप कानाकडे गेले. माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली असाच कान धरून उभा राहायचा. मी शाळा शिकलो, शहरात आलो, मशीन शिकलो, आणि हात बापाचेच निघाले. शेठचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडेगावला उस्तादांकडे गेलो. मला मशीन शिकवणारे म्हातारे ऑपरेटर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रील भी तुम निकाले, कान भी तुम पकडे. उनका क्या गया, मियाँ?"

तीनच्या शोला शेठ पुन्हा वर आले. "पाचवं गाळ."

"नाय गाळणार. तुम्हीच गाळा. आन् मग स्टेजवर बी तुम्हीच जा."

"उद्यापासून येऊ नको."

"बरं."

पाचवं रीळ चढवलं. खिडकीतून पाहिलं. लाट आली, धाकटा गेला. खाली अकरा माणसं, त्यातली दोन झोपलेली. पिक्चर वाईटच होता. मी लई थकलो होतो. तरी शेवटपर्यंत चालवला आणि सगळी रिळं क्रमानं डब्यांत भरून ठेवली.

पुढे दुसऱ्या टॉकीजमध्ये लागलो. पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं, माझ्या चुकीला मी उभा राहीन, तुमच्या चुकीला तुम्ही उभं राहायचं. मान्य नसेल तर आत्ताच सांगा, मी जातो. हे कान आता कुणाच्या सांगण्यावरून धरणार नाही.