चार मिनिटांत एक्केचाळीस खोल्या

दादांना मतदारसंघात सगळे दादाच म्हणत, पण देशाच्या संसदेत त्यांचं नाव पडलं होतं मालगाडी. भाषणाला उभे राहिले की एकेक शब्द तोलून मापून पुढे ढकलत. तिसऱ्या वाक्याला मागच्या बाकांवरचे चहाला उठत, चौथ्याला पुढचे. पक्षालाही ते बोलण्यासाठी नव्हे, मतापुरते हवे होते. पक्ष जुन्या वळणाचा आणि दादा त्याहून जुन्या वळणाचे. "मला लोकांनी नवीन काही करायला पाठवलेलं नाही, आहे ते मोडू नये म्हणून पाठवलंय," असं ते दर निवडणुकीत सांगत, आणि खेड्यापाड्यांतले लोक त्यांना पुन्हा पाठवत. चार वेळा पाठवलं. माणूस हट्टीही होता. सभागृहात बटण दाबून मत द्यायची यंत्रं आली तेव्हा विरोध करणारे ते एकटेच. हात वर करायचेही कष्ट होत असतील तर घरी बसावं, असं त्यांचं म्हणणं.

पण ही मालगाडी जन्माची मालगाडी नव्हती. राजकारणात येण्याआधी दादा वीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत. एका दमात गाईचं वय, दूध, खोड आणि पाच जणांची बोली सांगून मोकळे होत, आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळे. संसदेतलं पहिलं भाषण मात्र त्यांनी घाबरून, श्वासही न घेता फेकलं. समोर बसलेल्या लघुलेखिकेनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "साहेब, मला हात दोनच आहेत, आणि लिहिते एकानंच." सभागृह पोट धरून हसलं. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यांनी जिभेला जो लगाम घातला तो अठरा वर्षं काढला नाही.

मग त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं ते विधेयक आणलं. वर्षाला शंभरांपेक्षा कमी बाळंतपणं होणाऱ्या सरकारी प्रसूतीच्या खोल्या बंद करायच्या. देशभरातल्या एक्केचाळीस खोल्या यादीत होत्या. त्यांतल्या अकरा दादांच्या मतदारसंघात, आणि अकरांतल्या एकीत दादांची बायको तीस वर्षं सुईण होती. तिथून शहरातलं हॉस्पिटल तीन तासांवर. बाई वाटेतच अडली तर काय करायचं, याचं उत्तर विधेयकात नव्हतं.

"आपण जुनं राखणारे ना? मग हे मोडायचं कशाला?" दादांनी नेत्यांना विचारलं.

"दादा, बटण बरोबर दाबा. नाहीतर पुढचं तिकीट विसरा," नेते म्हणाले.

दादांनी नियमांचं पुस्तक उघडलं. नियम जुना होता, म्हणजे त्यांच्या आवडीचा. यादीतलं नाव वगळायचं असेल तर क्रमांक, गाव आणि कारण सदस्यानं उभं राहून वाचायचं. नोंदीत आलं तेवढंच मताला जाई. दादांनी वेळ मागितला, तेव्हा नेते हसले. "द्या की चार मिनिटं. मालगाडी तेवढ्यात तीन स्टेशनं गाठेल." त्यांनी कधी गुरांच्या बाजारात पाऊल ठेवलं नव्हतं.

दादा घरी आले आणि स्वयंपाकघरात उभे राहून वाचू लागले. बायको टेबलाशी पेन्सिल घेऊन बसली. जे गाव नीट ऐकू येईल त्यावर खूण, नाही त्यावर फुली. पहिल्या खेपेला फुल्याच जास्त.

"अहो, जीभ चांगली चालतेय, श्वास चुकतोय," ती म्हणाली. "नावाच्या मधोमध कसला दम घेता?"

"मग कुठे घेऊ? तूच सांग."

"मी बायकांना काय सांगते? कळ आली की जोर, कळ ओसरली की श्वास. गाव संपलं की श्वास घ्या. मध्ये जीव गेला तरी घ्यायचा नाही."

"मला बाळंतीण केलीस की!"

"एक्केचाळीस आहेत. लागा कामाला."

नऊ दिवस हा कार्यक्रम चालला. दहाव्या दिवशी कागदावर एकही फुली नव्हती.

सभागृहात अध्यक्षांनी दादांचं नाव पुकारलं तेव्हा मागचे बाक सवयीनं चहाला उठले. दादांनी चष्मा सारखा केला, पोटभर श्वास घेतला आणि लगाम सोडला. पहिलं गाव सहा सेकंदांत गेलं. क्रमांक, नाव, अंतर, गेल्या वर्षीची बाळं, आणि वगळावं. दुसरं गेलं. पाचव्याला चहाला निघालेले दारातच थांबले. बाराव्याला नेत्यांनी घड्याळाकडे पाहिलं. विसाव्या गावाला लघुलेखकांच्या टेबलावरची तरुण मुलगी मान खाली घालून लिहीतच होती, आणि तिचा हात थांबत नाही हे बघून दादांना जो चेव चढला तो सांगता सोय नाही. काय वाचलं त्यांनी! जो तो आपापलं गाव कान देऊन ऐकू लागला. तीन मिनिटं एकावन्न सेकंदांना एक्केचाळिसावं गाव नोंदीत आलं आणि दादा खाली बसले.

आता गंमत अशी की उरलेल्या तीस खोल्या पक्षाच्याच आणखी नऊ सदस्यांच्या भागांत होत्या, आणि नऊही जण भीतीनं आजवर गप्प होते. पण गावांची नावं नोंदीत आली होती, आणि कुणी कुठलं बटण दाबलं हे भिंतीवरच्या फलकावर उमटणार होतं. गावाला तोंड दाखवायचं होतं. नऊही जणांनी पक्ष सोडून गाव धरलं. दुरुस्ती सात मतांनी मंजूर झाली. नेत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि दादांनी तो मन भरून पाहिला.

बाहेरच्या व्हरांड्यात येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. गळा बसला होता, डोळे भरले होते आणि ते लपवायचंही त्यांच्या मनात नव्हतं.

"अगं, राहिली. सगळ्या राहिल्या. एकूण एक."

 पलीकडे तिनं नाक ओढलं.

"आपली खोली नक्की राहिली ना?"

"नक्की."

"मग आता छताचं बघा. खाटेवरच गळतंय. बंदच होणार अशी कुणकुण होती, म्हणून मी दोन वर्षं बोलले नाही."

"बघतो," दादा म्हणाले. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत एवढी मोठी शाबासकी त्यांना कुणी दिली नव्हती.