कानसेन आणि धाकट्याची करवत

माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली कानसेन म्हणते. गाणंबिणं त्यांना येत नाही, बाथरूममध्येसुद्धा गात नाहीत, एवढे उपकार आहेत. झाडं तोडणाऱ्यांच्या चेनसॉ, म्हणजे इंजिनावरच्या करवती, ते दुरुस्त करतात आणि इंजिन नुसतं ऐकून जुळवतात, म्हणून हे नाव. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. बावीस वर्षं माझा चहा त्याच आवाजात उकळतोय. त्यामुळे कोणती करवत बरी आणि कोणती आजारी, हे मलाही न बघता कळतं. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. घरात एक कानसेन पुरे.

धाकटा दीर झाडं तोडतो. त्याची मधल्या आकाराची करवत जाड, ओल्या बुंध्यात दमायला लागली होती. मोठी घ्यावी तर दिवसभर ते वजन हातात धरून खांदा जातो. "दादा, हिच्यातच जरा जोर घाल," म्हणत त्याने ती टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघून, दादाला चार दिवस त्रास देऊ नका वहिनी, असंही सांगून गेला.

ह्यांनी खरंच चार दिवस घातले. सायलेन्सरचं अरुंद तोंड कापून मोठं केलं. धूर बाहेर पडतो ती वाट कानशीने घासून गुळगुळीत केली. सिलिंडरखालचं पातळ गॅस्केट काढून टाकलं, म्हणजे आतली हवा जास्त दाबली जाते आणि दणका वाढतो. हातातलं कसब अजून तसंच होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अडचण शेवटच्या कामाची होती. अशा जोर वाढवलेल्या इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि तेल त्या पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं आणि पिस्टन कोरडा घासतो. किती सोडायचं ते कार्बोरेटरच्या एका बारक्या स्क्रूवर ठरतं; तो आवळला की पेट्रोल कमी होतं. खूण एवढीच, की लाकडाबाहेर पूर्ण वेगात इंजिन किंचित अडखळलं पाहिजे. पातं लाकडात शिरलं की अडखळणं आपोआप थांबतं. बाहेरच ते स्वच्छ गायला लागलं, तर समजायचं की इंजिन उपाशी आहे.

आणि ह्यांना गेली दोन वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. दाराची घंटा ऐकू येईना, फोन ऐकू येईना, टीव्हीचा आवाज शेजारच्यांना पाठ झाला. मी आधी थट्टा केली, मग थट्टा बंद केली. ती बंद झाली तेव्हाच दोघांना कळलं होतं की हे साधं नाही. एकदा मी कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर हे भरल्या ताटावरून उठले आणि दोन दिवस बोलले नाहीत. दिराने इंजिनाचा वेग मोजायचं मीटर आणून दिलं होतं. ते खोक्यासकट खणात पडून होतं. मीटर ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी, असं हे म्हणायचे.

पाचव्या दिवशी मी वर कपडे वाळत घालत होते. खाली करवत सुरू झाली, पूर्ण वेगात गेली आणि छान अडखळली. झालं, असं मी मनात म्हटलं. पण ह्यांना सगळेच आवाज जाड, दबलेले येतात. त्यांना ती अजून फार अडखळतेय असं वाटलं असणार. त्यांनी स्क्रू आणखी आवळला, मग आणखी. आवाज बारीक होत गेला आणि एकदम स्वच्छ झाला. माझ्या हातात टॉवेलचा चिमटा तसाच राहिला.

खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण खाली दीर होता, दोन गिऱ्हाईकं होती, आणि त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते? तुम्हाला ऐकू येत नाही, असं? मला काय कळतंय त्यातलं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चिमटा लावला. दीर हसत करवत घेऊन गेला.

तीन दिवसांनी एका कललेल्या झाडात, बुंधा निम्मा कापलेला असताना, करवत जागीच बंद पडली. निम्मं कापलेलं झाड थांबत नाही. बुंधा उभा फाटला आणि उसळून त्याच्या पायावर आला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं. चालायला चार महिने, आणि पुन्हा झाडावर चढायचं तेव्हाचं तेव्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच्या सोबत्याने करवत आणून दिली. ह्यांनी ती उघडली. पिस्टनची धुराकडची बाजू खरवडून निघाली होती. त्यावरून ह्यांनी अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो, तर पाय वर टांगलेला दीरच ह्यांची समजूत घालायला लागला.

"दादा, चूक माझीच. घाईत पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं असणार माझ्याकडून. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी त्याच्या उशाकडची चादर सारखी करत राहिले. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर हे वर आलेच नाहीत. मी खाली गेले तेव्हा पिस्टन समोर ठेवून ते स्टुलावर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू वर होतीस. तुला कळलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "ती उपाशी आहे हे मला कळलं होतं. मी बोलले नाही."

त्यांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पिस्टन फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला, दुकानाचं शटर ओढलं, आणि आम्ही दोघं परत दवाखान्यात, धाकट्याकडे निघालो.