चाचणीच्या दिवशीचा ताप

शाळेतल्या शिपाईमावशींचं हे दर वर्षीचं काम. सरकारी चाचणीच्या आदल्या दिवशी अभ्यासात कच्च्या मुलांच्या घरी जाऊन सांगायचं, "उद्या पाठवू नका, शाळेची सरासरी घसरते." यंदा मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या धाकटीलाही घरीच ठेवा." मावशींनी तिलाही घरी ठेवलं. नोकरी होती ना!

चाचणी घ्यायला आलेल्या साहेबांनी रिकामे बाक पाहिले. "एवढी मुलं कुठं गेली?"

"ताप आलाय," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी समोरच्या हुशार पोरांचे गुण घेतले आणि अख्ख्या शाळेच्या नावावर मांडले. झालं मूल्यमापन!

निकालाच्या दिवशी मावशींनी घरी सांगितलं, "आपली शाळा पहिली आली."

धाकटीनं टाळ्या वाजवल्या. "मी घरी थांबले म्हणून ना, आई?"