रांजणकाकांचा थांबा

“अवो, हाका ना बैल! डोकं फुटून राह्यलं माहं उन्हानं!”

वडनेर भोलजीचे पाहुणे गाडीत उभं राहून ओरडत होते. बैल नाल्याकाठच्या बाभळीखाली असे उभे होते, जणू सरकारनं पुतळे म्हणूनच बसवलेत. कासरा रांजणकाकांच्या हातात होता आणि काका तो हलवतही नव्हते. काकांच्या मुलीला, सुमीला, पाहुण्यांच्या मुलासाठी मागणी होती आणि ही सोयरीक मी जमवत होतो. मोताळ्याच्या मोटार स्टँडवरून आम्ही पाहुण्यांना गावात नेत होतो. गोम एवढीच, की बाभळीच्या मागे रुखमीची हातभट्टी होती.

काकांचं पाळण्यातलं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. गाव त्यांना रांजण म्हणे, ते त्यांच्या मापावरून. काका प्यायला बसले की नाल्याचं पाणी हातभर उतरायचं. हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि दारूबंदी होती, म्हणजे बाटलीवर लेबल नसे इतकंच. काका गाडीवान. कापूस भरून जिनिंगच्या कारखान्यात न्यायचे आणि परतताना बाभळीखाली उतरायचे. प्यायचे, चढायचे, झोपायचे. घरी आणण्याचं काम लाल्या आणि पवळ्या या बैलजोडीचं.

एकदा मात्र काका गाडीत चढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बाभळीखाली डोळे उघडले तर बैल आदल्या संध्याकाळपासून जुवाखालीच उभे. पाणी नाही, चारा नाही. पवळ्याची मान सोलून निघालेली आणि तिच्यावर माशा. काका पायी चालत, बैलांना मोकळं पुढं घालून, घरी आले. गाडी तिथंच राहिली. काकूंनी पवळ्याच्या मानेवर हळद-तेल लावलं. त्या दिवसापासून काकांनी सोडली.

सोडली म्हणायला सोपं आहे. पहिल्या दिवसांत काका असे कापत, की गोठ्याची टिनं वाजत आणि लोकांना बुलढाण्यापर्यंत भूकंप वाटे. उलट्या व्हायच्या, भिंतीवर मुंगळे चढताना दिसायचे. काकू गुळाचा काळा चहा पाजायच्या आणि काका पवळ्याच्या गळ्यात हात टाकून पडायचे. लोक म्हणाले, शेगावला जा, महाराजांसमोर शपथ घ्या, गळ्यात माळ घाला. काका म्हणाले, “महाराजाले काऊन मधात घालता? पेलो तं मी ना.”

काकांची सुटली, बैलांची सुटली नाही. बाभूळ आली की ते थांबत. चाबूक, शिव्या, शेपटी पिरगाळणं, कशालाच दाद नाही. पूर्वी काकांना प्यायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ उभे राहत आणि मग आपणहून चालू लागत. गावानं सल्ले दिले, जोडी विका, नाहीतर मारुतीच्या देवळाकडून फेरा घ्या. काका म्हणत, “एक डाव फेरा घेतला तं जलमभर फेराच घ्या लागन.” आणि रोज त्या वासात, कासरा धरून, बैलांचं मन भरेपर्यंत बसून राहत.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण पाहुण्यांचा थोरला भाऊ दारूनंच गेला होता आणि त्यांची अट एकच होती, घर बिनदारूचं पाहिजे. तेव्हा मी त्यांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या काकांना दारू ओततात की चोळतात हेही माहीत नाही.

तेवढ्यात रुखमी गिलास घेऊन आली. बाई मनानं वाईट नव्हती, गिऱ्हाईक तुटल्याचं तिला दुःख होतं. “काका, सोयरे आले, आज तं घ्या,” म्हणत तिनं गिलास थेट काकांच्या गुडघ्याशी धरला. पाहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या मिशा आपोआप खाली आल्या.

काका त्यांच्याकडे वळले. “हा लबाड बोलला, पाहुने. मी पेत होतो. इथंच. बैलायले वाटते, अजून पेतो.”

“मंग दुसऱ्या रस्त्यानं काऊन नाही आनलं मले?”

“हा रोजचा रस्ता हाय.”

पाहुणे खाली बसले. गिलास तिथंच होता. काकांनी कासरा इतका आवळला होता, की नखं पांढरी पडली. पाहुणे ते हात पाहत राहिले; उन्हाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. रुखमीचाच हात दुखला, तिनं गिलास मागं घेतला. अखेर लाल्यानं मान हलवली, पवळ्यानं पाय उचलला आणि गाडी हलली.

घरी पोचल्यावर मी पाहुण्यांना बाजूला घेऊन नव्या थापांची तयारी केली होती. त्यांनी मला थांबवलं. “माणूस पाह्यला. आता पोरगी दाखवा.”

सुमीचं लग्न धूमधडाक्यात झालं. जेवणावळीत एवढी बुंदी उरली, की पुढल्या पंचमीपर्यंत गावातल्या मुंग्या लठ्ठ होत्या. पुढं रुखमी मुलाकडे राहायला गेली, भट्टी मोडली. बैलही हळूहळू बाभळीखालून सरळ निघून जाऊ लागले. काका मात्र ती जागा आली की कासरा दोन्ही हातांनी धरत.

एकदा कापूस देऊन आम्ही परत येत होतो. बाभूळ मागं पडली तसा मी म्हणालो, “काका, बैल इसरले पाहा शेवटी. तुमीबी इसरले असान आता.”

काकांनी कासरा एका हातात घेतला.

“मी काय बैल आहो बे?” ते म्हणाले.