चेअरमनचा चष्मा
मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत सोळा वर्षं सुधीर लिमयेच चेअरमन. का, तर चार मजल्यांचं आपसात जमू नये याची त्यांनी मनापासून काळजी घेतली. तळमजल्यावर सांगायचे, वरच्यांना लिफ्ट हवीय, पैसे तुमच्याकडून काढणार. वर सांगायचे, मी तयार आहे हो, खालचेच अडून बसलेत. पोहे दोन्हीकडे मिळायचे.

मी तळमजल्यावरचा, त्यांच्या खास माणसांतला. आता लाज वाटते, तेव्हा मजा यायची. आमची एक खूण ठरलेली होती. ठराव ते स्वतःच जोरात मांडायचे आणि मतदानाआधी चष्मा काढून पुसायचे. चष्मा उतरला की आम्ही दहा जणांनी हात वर करायचा नाही. लिफ्टचा ठराव असा तीनदा पडला आणि सुधीररावांनी तीनदा वरच्यांचं सांत्वन केलं.

माणूस कामाचा, हे कबूल करतो. महापालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराला म्हणाले, सोसायटीची मतं तुमच्या समोरच्या उमेदवाराला आहेत. समोरच्यालाही तेच म्हणाले. पंधरा दिवसांत नवी पाइपलाइन आली. आम्ही पाणी प्यायलो आणि गप्प बसलो.

यंदा त्यांच्या बायकोचे, सरोजकाकूंचे, गुडघे गेले. घर चौथ्या मजल्यावर. तीन महिने बाई खाली उतरल्या नाहीत. सुधीररावांनी पुन्हा लिफ्टचा ठराव आणला, या वेळी खरोखरीचा. पण तसं आम्हाला आधी सांगितलं नाही. चेअरमनने विनवण्या करायच्या म्हणजे फारच झालं. सभेला काकू कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत आल्या. लिमयांच्या दोन जोड-फ्लॅटपैकी एक काकूंच्या नावावर, त्यामुळे त्यांनाही मत होतं.

सुधीरराव छान बोलले. शेवटी काकूंकडे बघताना त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

आमचे दहा हात मांडीवरच राहिले. ठराव एका मताने पडला. सुधीरराव वळून बघतात तर काकूंचाही हात पदराखाली.

"अगं, तू तरी," ते म्हणाले.

"तुम्ही चष्मा काढलात ना," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, याही वेळी पाडायचाय."

सभेत हातांची खुर्ची एकच होती, चेअरमनची. तिच्यात बसवून आम्ही काकूंना चार मजले वर नेलं. सुधीरराव चष्मा हातात घेऊन मागून चढत होते.